वर्तुळाबाहेरचं गाव : लोकांनी किरणोत्सर्ग मोजला त्याचा इतिहास

आजचा विषय तसा आकड्यांचा आहे, पण आपण सुरुवात करणार आहोत नकाशावरच्या एका वर्तुळापासून.

११ मार्च २०११ रोजी जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राची शीतयंत्रणा बंद पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकारनं केंद्राभोवती २० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि आतल्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं. वर्तुळ आखायला सोपं, समजायलाही सोपं. अडचण एवढीच, की वारा काही वर्तुळ बघून वाहत नाही.

नामिए हे तिथलं किनाऱ्यालगतचं गाव. तिथले हजारो लोक वायव्येला, डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले. अंतर सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे सुरक्षित, असा सगळ्यांचा समज. १५ तारखेपर्यंत लोक तिथं राहिले, मुलंबाळं धरून. आणि किरणोत्सारी द्रव्यांचा सगळ्यात दाट पट्टा नेमका वायव्येलाच पसरला. पाऊस आणि बर्फाबरोबर ती द्रव्यं जमिनीवर उतरली.

आता बघा, सरकारकडे स्पीडी नावाची संगणकीय यंत्रणा होती. वारा किरणोत्सार कुठं नेईल याचा अंदाज ती बांधायची. केंद्रातून नेमकं किती द्रव्य बाहेर पडतंय याची माहिती नाही, तेव्हा हे अंदाज भरवशाचे नाहीत, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. त्यामुळे पहिला नकाशा लोकांसमोर आला तो थेट २३ मार्चला. प्रमाण चुकलं असतं हे मान्य करू. पण दिशा तरी कळली असती! त्सुशिमात थांबलेल्या आईबापांना तेवढीच हवी होती.

हे पहिल्यांदाच घडलं का? नाही. १९८६ साली चेर्नोबिलचा ढग युरोपभर पसरला. फ्रान्समध्ये अधिकारी सांगत राहिले, काळजीचं कारण नाही. लोकांचा विश्वास बसेना. त्याच वर्षी मिशेल रिवाझी या जीवशास्त्राच्या शिक्षिकेनं इतरांबरोबर क्रिराद ही स्वतंत्र मोजणी करणारी संस्था उभी केली. स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचे नमुने.

त्याआधीचं अमेरिकेतलं उदाहरण मात्र जरा वेगळं आहे. थ्री माइल आयलंडचा अपघात १९७९ चा. पुढच्या वर्षी त्या केंद्रात साठलेला क्रिप्टॉन वायू हवेत सोडायचा होता. आसपासचे लोक चिडलेले, घाबरलेले. तेव्हा सरकारी खात्यांनी आणि पेन स्टेट विद्यापीठानं जवळच्या गावांतल्या रहिवाशांनाच प्रशिक्षण दिलं, उपकरणं दिली आणि सांगितलं, तुम्हीच मोजा, तुम्हीच गावात आकडे लावा. यातून एक गोष्ट आपल्या लक्षात येते. आकडा शेजाऱ्यानं वाचला, की त्याचं वजन बदलतं.

पुन्हा जपानकडे येऊ. भूकंपानंतर आठवडाभरातच काही मंडळींनी एकत्र येऊन सेफकास्ट हा गट सुरू केला. गायगर काउंटर बाजारातून गायब झालेले. जी थोडी उपकरणं हाती होती ती जागोजागी बसवण्याऐवजी त्यांनी गाडीच्या खिडकीबाहेर लावली आणि जीपीएस जोडून रस्तोरस्ती फिरवली. दर पाच सेकंदांनी एक नोंद. या यंत्राची पेटी जपानी जेवणाच्या डब्यासारखी, म्हणून 'बेंतो'वरून त्याचं नाव पडलं बीगायगी. नोंदी सगळ्यांना खुल्या. कुणीही घ्या, कुणीही तपासा. पुढं या नोंदींची संख्या १० कोटींच्या वर गेली.

या नकाशातून काय दिसलं? एकाच गावात एका रस्त्यावर आकडा कमी, तर पुढच्या वळणावर, पन्हाळीखाली, झाडीजवळ तो कितीतरी जास्त. अख्ख्या जिल्ह्याचा एक सरासरी आकडा घरात राहणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही. आणि हेही दिसलं, की कित्येक ठिकाणी भीती होती त्याहून पातळी कमीच होती. म्हणजे या मोजणीनं कुणाला सावध केलं, तर कुणाला धीर दिला. अणुऊर्जा हवी की नको, या वादात सेफकास्टनं बाजू घेतली नाही, आणि त्यामुळेच दोन्हीकडचे लोक तो नकाशा वापरू शकले.

अर्थात, यंत्र हातात आलं म्हणजे मोजता आलं असं नव्हे. जमिनीलगत धरलं तर एक आकडा, एक मीटर उंचीवर दुसरा. यंत्राचं प्रमाणीकरण झालेलं हवं. शिवाय निसर्गात किरणोत्सर्ग असतोच. जगाची सरासरी धरली तर माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा त्यातून मिळते. म्हणून नुसतं यंत्र वाजलं की पळायचं नसतं. कालचा आकडा किती होता, हे आधी विचारायचं असतं.

आणि इथं आपला संबंध येतो. आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर केंद्र १९६९ पासून वीज देतंय. अशा केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्र सुरू होण्याआधीच उभारायची, ही आपल्याकडची पद्धत चांगली आहे, कारण आधीची पातळी ठाऊक नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थच उरत नाही. पण तो आधीचा आकडा गावातल्या शाळामास्तरला, मच्छीमाराला, सरपंचाला माहीत असतो का? तलाठी कार्यालयात पावसाचा आकडा विचारावा इतक्या सहज तो मिळतो का?

हा प्रश्न संकटाच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. थ्री माइल आयलंडला आधी विश्वास उडाला, मग यंत्रं वाटली. फुकुशिमात आधी लोक चुकीच्या दिशेला गेले, मग नकाशा आला. मोजणारी सरकारी यंत्रणा लागतेच, ती लोकांना झेपणारी गोष्ट नाही. पण तिचा आकडा उघडा असेल आणि तो पडताळून बघणारी चार माणसं गावात असतील, तर अडचणीच्या रात्री कुठल्या वाटेनं निघायचं हे ठरवताना गाव नुसत्या वर्तुळावर विसंबून राहणार नाही.