फेरफार केलेल्या मोटारीतील ब्रेक डिस्क बदल

ब्रेक डिस्क ही मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी, बहुधा करड्या बिडाची (ओतीव लोखंडाची) चकती होय. ब्रेकचा पायटा दाबला असता कॅलिपरमधील पिस्टन घर्षणपट्ट्यांना, म्हणजेच ब्रेक पॅडना, या चकतीवर दोन्ही बाजूंनी दाबतात. घर्षणामुळे मोटारीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि वेग कमी होतो. या घर्षणात डिस्कही झिजते. तिची जाडी निर्मात्याने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली गेल्यास किंवा तिला खोल तडे गेल्यास ती बदलावी लागते.

मूळ स्वरूपातील मोटारीत हे काम नेहमीच्या देखभालीचा भाग असते. मोटारीचे मॉडेल व उत्पादनवर्ष यांवरून सुटा भाग मागवता येतो. ब्रेक, हब किंवा चाके बदललेल्या मोटारीत मात्र नोंदणीपुस्तकातील मॉडेलवरून डिस्क निश्चित करता येत नाही. जुनी डिस्क न निघणे, नवी न बसणे किंवा बसल्यावर थरथरणे या अडचणी अशा मोटारींत वरचेवर उद्भवतात. प्रत्यक्ष बसवलेल्या भागांचे मोजमाप हा त्यांवरील मुख्य उपाय होय.

इतिहास

इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने जिंकली. १९५५ साली आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीत पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते. त्यानंतर हे ब्रेक सर्वसामान्य मोटारींत रूढ होत गेले. अधिक शक्तिशाली मॉडेलचे मोठे ब्रेक त्याच घराण्यातील साध्या मोटारीला बसवणे हा फेरफाराचा एक प्रचलित प्रकार आहे.

निर्णायक मापे

डिस्क योग्य आहे की नाही हे पुढील मापांवरून ठरते.

बाह्य व्यास : कॅलिपरचे स्थान याच मापावर अवलंबून असते. व्यास लहान असल्यास पॅडचा काही भाग डिस्कच्या कडेबाहेर राहतो. मोठा असल्यास डिस्क कॅलिपरला किंवा त्याच्या कंसाला घासते.

जाडी : नव्या डिस्कची जाडी व किमान जाडी ही दोन वेगळी मापे आहेत. किमान जाडी बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेली असते.

एकूण उंची : डिस्क आतील घर्षणबाजूवर सपाट ठेवली असता तेथपासून टोपीच्या माथ्यापर्यंतचे अंतर. यावरून डिस्क कॅलिपरच्या मध्यभागी येते की नाही हे ठरते. दोन डिस्कचा व्यास व जाडी सारखी असूनही उंची वेगळी असू शकते.

मधले छिद्र : हे हबच्या मध्यवर्ती उंचवट्यावर नेमके बसले पाहिजे. ते सैल असल्यास डिस्क मध्यबिंदूपासून सरकते.

बोल्ट-वर्तुळ : बोल्टांची संख्या आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ४×१०० म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट. फियाटच्या पुष्कळ जुन्या मोटारींत हे माप ४×९८ असते. व्यासात २ मिमी फरक म्हणजे प्रत्येक बोल्टाच्या जागेत केवळ १ मिमी फरक. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु जुळवणी चुकण्यास पुरेसा असतो.

सुबारू इम्प्रेझा हे या गुंतागुंतीचे ठळक उदाहरण आहे. या मालिकेतील डब्ल्यूआरएक्स मोटारीला एसटीआय मॉडेलचे ३२६ मिमी व्यासाच्या डिस्कचे पुढील ब्रेक बसवणे लोकप्रिय आहे. मात्र २००५ या मॉडेलवर्षापासून एसटीआयचे बोल्ट-वर्तुळ ५×१०० वरून ५×११४.३ झाले. शिवाय या मालिकेत मागील डिस्कच्या आत असलेल्या हॅन्डब्रेक ड्रमचा व्यास काही मोटारींत १७० मिमी, तर काहींत १९० मिमी असतो. त्यामुळे केवळ ‘इम्प्रेझाची डिस्क’ किंवा ‘एसटीआयची डिस्क’ एवढे वर्णन अपुरे ठरते.

जुनी डिस्क न निघणे

गंज : हब व डिस्क यांमधील गंज हे सर्वांत सामान्य कारण आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे मधल्या छिद्रात डिस्क घट्ट आवळली जाते. गंज सोडवणारे तेल लावून काही काळ थांबल्यावर टोपीवर फिरत्या क्रमाने ठोके देतात. अनेक डिस्कच्या टोपीला आटे असलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले असता डिस्क हबपासून सुटते. डिस्क पुन्हा वापरावयाची असल्यास घर्षणपृष्ठावर हातोडा मारत नाहीत. जोरदार ठोक्यांनी चाकाच्या बेअरिंगलाही इजा पोहोचते.

अडकलेले स्क्रू : डिस्क जागेवर धरून ठेवणारे लहान स्क्रू गंजल्यास त्यांची खाच झिजते. खाचेत नेमके बसणारे टोक असलेला आघाती स्क्रूड्रायव्हर प्रथम वापरतात. तोही निष्फळ ठरल्यास स्क्रूचे डोके ड्रिलने काढतात. चाकाचे बोल्ट किंवा नट आवळल्यावर डिस्क हबवर दाबली जाते, त्यामुळे हे स्क्रू बहुतांश मोटारींत केवळ जुळणीच्या सोयीसाठी असतात.

हॅन्डब्रेकचे शू : मागील डिस्कच्या आत ड्रम असल्यास झिजेमुळे त्याच्या कडेला उंचवटा तयार होतो व आतील ब्रेक-शू त्यात अडकतात. अशा वेळी हॅन्डब्रेक सोडून, ठरावीक छिद्रातून समायोजक चक्र फिरवून शू आत घ्यावे लागतात. डिस्क बळाने ओढल्यास शू धरणाऱ्या पिना उखडू शकतात.

वेगळी रचना : काही मोटारींत डिस्क हबच्या मागील बाजूस बोल्टने जोडलेली असते, उदाहरणार्थ १९९० ते १९९७ या काळातील होंडा अकॉर्डची पुढील डिस्क. अशा रचनेत हब सोडवल्याविना डिस्क निघत नाही. रेनो मेगानच्या दुसऱ्या पिढीत मागील डिस्कमध्येच बेअरिंग व एबीएसचे चुंबकीय कडे असते. न निघणारी डिस्क गंजलेली आहे असे मानण्यापूर्वी रचना तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नवी डिस्क न बसणे

डिस्क हबवर बसते परंतु कॅलिपर बसत नाही, अशी तक्रार असल्यास प्रथम पिस्टन पूर्ण मागे गेले आहेत का ते पाहतात. मागील चाकांच्या अनेक कॅलिपरमध्ये हॅन्डब्रेकची यंत्रणा अंतर्भूत असल्याने पिस्टन दाबून नव्हे, तर फिरवत मागे न्यावा लागतो. विद्युत हॅन्डब्रेक असलेल्या मोटारीत निर्मात्याने सांगितलेली देखभाल-स्थिती आधी सुरू करावी लागते.

पिस्टन मागे असूनही अडचण राहिल्यास जुनी व नवी डिस्क शेजारी ठेवून जाडी, व्यास व एकूण उंची मोजतात. कॅलिपर एका बाजूला झुकत असल्यास उंचीतील फरक किंवा कंसाखालील शिम हरवलेली असणे ही संभाव्य कारणे होत. धूळरोधक पत्रा वाकून डिस्कला घासत असल्यास तो सरळ करतात. पॅड बसवण्यासाठी ते घासून लहान करणे किंवा कंसाच्या बोल्टाखाली कामचलाऊ वॉशर घालणे हे उपाय धोकादायक आहेत, कारण ब्रेक लावताना निर्माण होणारे सर्व बळ याच बोल्टांवर येते.

अॅल्युमिनियमची टोपी व बिडाचे कडे यांपासून जोडलेल्या दोन भागांच्या डिस्कमध्ये पुष्कळदा केवळ कडे बदलता येते. वक्र वायुमार्ग असलेल्या डिस्क डाव्या व उजव्या अशा वेगळ्या असतात. पुढे धावताना वायुमार्गांचे बाहेरील टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे कललेले असावे. पृष्ठावरील खाचांच्या दिशेवरून ही बाजू ठरवता येत नाही.

बदलानंतरचे दोष

थरथर : ब्रेक लावताना सुकाणूचक्र थरथरल्यास ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. बहुतेक वेळा दोष डिस्कच्या असमान जाडीत असतो व तिचे मूळ अस्वच्छ हबमध्ये सापडते. हबच्या १४० मिमी व्यासाच्या बैठकीवर कडेला ०.०५ मिमी जाडीचा गंज राहिल्यास २८० मिमी व्यासाच्या डिस्कच्या कडेला सुमारे ०.१ मिमी डोलणे निर्माण होते. अशी डिस्क दर फेऱ्यात पॅडला एकाच जागी स्पर्श करून असमान झिजते. त्यामुळे हबची बैठक चकाकेपर्यंत घासणे आणि डायल गेजने डोलणे मोजणे महत्त्वाचे असते. चाकाचे बोल्ट तारकाक्रमाने व टॉर्क पान्याने निर्धारित मूल्यापर्यंत आवळतात.

पायटा खोल जाणे : नळ्यांमध्ये हवा शिरणे हे नेहमीचे कारण होय. मोठे पिस्टन असलेले कॅलिपर बसवल्यास हवा नसतानाही पायटा अधिक खोल जातो, कारण मूळ मास्टर सिलिंडरला अधिक द्रव ढकलावा लागतो.

असंतुलन : केवळ पुढील ब्रेक मोठे केल्यास मागील ब्रेकचा वाटा घटतो. थांबण्याचे किमान अंतर शेवटी टायर व रस्ता यांमधील पकडीवर अवलंबून असल्याने मोठ्या डिस्कमुळे ते आपोआप कमी होत नाही. वारंवार ब्रेक लावताना उष्णता सामावून घेण्याची वाढीव क्षमता हा मोठ्या डिस्कचा मुख्य लाभ आहे.

सुरक्षितता

मोटार केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते, म्हणून भक्कम स्टँड वापरतात. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधतात. जुन्या पॅडच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ती दाबाच्या हवेने उडवत नाहीत. क्लोरीनयुक्त सफाईद्रव लागलेला भाग ज्योतीने तापवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. काम संपल्यावर मोटार हलवण्यापूर्वी पायटा घट्ट होईपर्यंत वारंवार दाबतात, कारण पिस्टन मागे नेल्यानंतर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. नवे पॅड व डिस्क मध्यम वेगावरून क्रमाक्रमाने ब्रेक लावून एकमेकांशी जुळवून घेतात.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात न बसणाऱ्या प्रत्येक फेरफारासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जर्मनीत ब्रेकसारख्या भागांतील बदलांसाठी भागाचे मान्यतापत्र किंवा तज्ज्ञाची तपासणी आवश्यक असते.

बसवलेल्या डिस्कची मापे, पॅडचा प्रकार व कॅलिपरचे मूळ मॉडेल यांची लेखी नोंद मोटारीच्या कागदपत्रांसोबत ठेवल्यास पुढील दुरुस्ती सुकर होते. मोटार विकली गेल्यावर नव्या मालकाला उपलब्ध असलेला हा बहुधा एकमेव विश्वसनीय आधार असतो.

हे सुद्धा पहा

डिस्क ब्रेक
ड्रम ब्रेक
एबीएस
घर्षण