गेंड्याच्या कुंपणातला बोका

बेंगॉल मांजराचे रील्स तुम्ही पाहिले असतील. सोनेरी अंग, त्यावर बिबट्यासारखे ठिपके, लांबसडक शरीर आणि पाण्याशी खेळायची हौस. नावावरून हे बंगालचं मांजर वाटतं. पण ही जात घडली अमेरिकेत. नाव आलं ते एका रानमांजराच्या शास्त्रीय नावातून. आशियाच्या मोठ्या भागात, आपल्या सह्याद्रीतही, राहणाऱ्या छोट्या बिबट मांजराला रॉबर्ट केर यांनी १७९२ साली 'बेंगालेन्सिस' म्हटलं, तेच पुढे या जातीला चिकटलं.

१९६३ साली अ‍ॅरिझोनात जीन मिल यांच्या घरी अशा बिबट मादीला एका काळ्या पाळीव बोक्यापासून पिल्लं झाली. पण तो प्रयोग लवकरच थांबला. पुढे कॅलिफोर्नियात डॉ. विलार्ड सेंटरवॉल रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी अशाच संकरित माद्या तयार करत होते. १९८०च्या सुमारास त्यातल्या काही माद्या मिल यांच्याकडे आल्या आणि काम पुन्हा सुरू झालं.

अडचण एकच होती. संकराच्या पहिल्या पिढ्यांतल्या नरांना पिल्लं होत नाहीत. म्हणजे वंश पुढे न्यायचा तर बाप पाळीव मांजरांतलाच हवा. आणि साधा बोका आणला, तर रानातून आलेले ठिपके पुढच्या पिढ्यांत पुसट व्हायची भीती.

उत्तर सापडलं दिल्लीत. प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या कुंपणात भटकी मांजरं राहत होती. त्यातला एक बोका तांबूस-सोनेरी, गडद ठिपक्यांचा होता. मिल यांनी त्याला अमेरिकेला नेलं. तिथे त्याचं नाव झालं 'मिलवुड टोरी ऑफ देल्ही'. बेंगॉलच्या केसांवर उन्हात जी चमक दिसते, तिचं मूळ ब्रीडर या बोक्यापर्यंत नेतात. इजिप्शियन माऊ या दुसऱ्या ठिपकेदार जातीतही त्याचं रक्त गेलं.

म्हणजे ज्या मांजराच्या रानटी वंशाचं एवढं कौतुक होतं, त्याचा एक पूर्वज आपल्याकडचा भटका बोका होता. भटक्यांच्या आईबापांची नोंद कोण ठेवणार? टोरीला नाव मिळालं, वंशावळ मिळाली. आज त्याच्या वंशजांसाठी लोक मोठी रक्कम मोजतात, आणि पार्किंगमध्ये गाडीखाली बसलेल्या ठिपकेदार मांजराला सोसायटीचा वॉचमन काठीने हुसकावतो. दोघांत फरक कातडीचा कमी आणि कागदाचा जास्त आहे.