धोट्याचा डोळा

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की वाटेत कशेळे गाव येते. या भागातील शाळांत शिकवणाऱ्यांना भिवपुरीचे वीजघर नवे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आंद्रा नदीचे पाणी अडवायचे, ते मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कर्जत तालुक्यात सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, ही योजना १९२२ साली सुरू झाली. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर त्याआधीच, १९१५ साली, सुरू झाले होते. या दोन्ही ठिकाणच्या विजेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या.

डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या बळावर मुंबईत हजारो माग धडधडू लागले. मात्र त्याच मागावर काम करणाऱ्या विणकराला दिवसातून शेकडो वेळा एक काम तोंडाने करावे लागत होते. धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे, हवा आत ओढायची आणि सुताचे टोक बाहेर काढायचे. या लहानशा कृतीचे शास्त्र, आणि तिच्या आधाराने उभा राहिलेला एक मोठा अन्याय, या दोन्हींची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

आधी धोटा म्हणजे काय ते पाहू. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आणि आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे निम्मे धागे वर उचलले आणि निम्मे खाली दाबले की मध्ये एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून बाण्याचे सूत घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जाणारी लाकडी होडी म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताने भरलेली कांडी बसवलेली असते. कांडीच्या टोकावरून सुटणारे सूत धोट्याच्या कुशीतील एका भोकातून बाहेर येते. या भोकाला आपण ‘डोळा’ म्हणू. सुताच्या घर्षणाने लाकूड कापले जाऊ नये म्हणून या डोळ्यात बहुधा चिनी मातीची गुळगुळीत कडी बसवलेली असते.

पूर्वी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे. १७३३ साली इंग्लंडमधील जॉन के याने दोरी ओढून धोटा उडवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आपल्याकडे त्याला झटका धोटा म्हणतात. पुढे माग यंत्रशक्तीवर चालू लागला आणि धोटा मिनिटाला २००च्या आसपास फेऱ्या करू लागला. प्रत्येक फेरीत त्याला क्षणार्धात वेग घ्यावा लागतो, आणि पलीकडच्या पेटीत आदळून तितक्याच झटकन थांबावेही लागते.

खरी अडचण येथेच आहे. धोटा थांबतो, पण कांडीवरून सुटलेले सूत आपल्या जडत्वामुळे पुढे येतच राहते. ते सैल पडले तर त्याला वेटोळी पडतात आणि तीच कापडात विणली जातात. उलट सूत फार ताणलेले असेल तर ते तुटते, नाहीतर कापडाचे काठ आत ओढले जातात. म्हणजे सुतावर ताण हवा, पण तो बेताचा हवा आणि मुख्य म्हणजे एकसारखा हवा. एकसारखा राहणे हे त्याहून अवघड, कारण भरलेल्या कांडीवरून सूत सहज सुटते, तर संपत आलेल्या कांडीवरून ते कांडीच्या लांबीभर घासत येते. कांडी जसजशी रिकामी होते तसतसा ताण वाढत जातो.

ताण निर्माण करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सुताला वळणे देणे. हे वर्गात करून पाहता येईल. एक पेन्सिल आडवी घट्ट बांधा. तिच्यावरून दोरा टाका आणि त्याच्या एका टोकाला एक वायसर लटकवा. दुसऱ्या टोकाला एकेक वायसर वाढवत जा आणि दोरा केव्हा घसरतो ते पाहा. मग दोऱ्याला पेन्सिलीभोवती आणखी एक पूर्ण वेढा देऊन हेच करा. दोरा आणि पेन्सिल यांच्यातील घर्षणांक ०.२ धरला, तर नुसत्या अर्ध्या वेढ्याला दुसऱ्या बाजूचे वजन १.९ पट लागते, दीड वेढ्याला सुमारे ६.६ पट आणि अडीच वेढ्यांना २३ पट! दर वेढ्याला वजनात ठरावीक भर पडत नाही, ते साडेतीन पटींनी गुणले जाते. विहिरीवर जड ओझे सोडताना दोर खांबाला गुंडाळतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

पण धोट्याच्या बाबतीत हा गुणाकार गोत्यात आणतो. समजा, भरल्या कांडीवरून सूत २ ग्रॅम वजनाइतक्या ताणाने येते आणि संपत आलेल्या कांडीवरून ५ ग्रॅम. वळणांनी तो ताण तिप्पट केला तर ६ आणि १५ झाला. मूळचा ३ ग्रॅमचा फरक आता ९ ग्रॅमचा झाला. त्याऐवजी दोन तबकड्या स्प्रिंगने हलक्या दाबून त्यांच्यामधून सूत नेले तर ताणात ठरावीक भर पडते. ४ ग्रॅमची भर पडली तर ताण ६ आणि ९ होईल, म्हणजे फरक ३ ग्रॅमच राहील. आणखी एक युक्ती कारागिरांनी काढली. धोट्याच्या पोटाला आतून सशाच्या केसाळ कातडीच्या पट्ट्या चिकटवायच्या. कांडीवरून उसळणारे सूत त्या केसांत हलकेच अडकते, त्याचा फुगारा आवरला जातो आणि ते सैल पडत नाही. या पट्ट्यांच्या जागी पुढे नायलॉनचे केस आले.

आता मूळ पेच पाहा. ताण नीट राहायचा तर सूत ठरलेल्या वाटेनेच गेले पाहिजे आणि त्या वाटेतून ते निसटता कामा नये. म्हणून डोळा चारही बाजूंनी बंद, अरुंद आणि लाकडाच्या जाडीत खोल गेलेला असतो. पण डोळा जितका बंद आणि खोल, तितके त्यातून सूत ओवणे कठीण. बोट तेथे पोहोचत नाही. ताणासाठी जे उत्तम, तेच ओवण्यासाठी वाईट. लँकेशायरच्या गिरण्यांनी यावर बिनखर्चाचा उपाय शोधला. नवी कांडी बसवायची, सुताचे टोक डोळ्याच्या आतल्या तोंडाशी धरायचे आणि बाहेरून ओठ लावून हवा शोषायची. इंग्रज कामगार या प्रकाराला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत.

असे दिवसाकाठी किती वेळा करावे लागत असेल? अंदाज बांधता येतो. २० नंबरी सुताचे १ ग्रॅम म्हणजे सुमारे ३४ मीटर. कांडीवर ३० ग्रॅम सूत मावले तर ते साधारण १००० मीटर भरते. मीटरभर रुंदीच्या कापडासाठी मिनिटाला २०० फेऱ्या धरल्या तर कांडी ५ मिनिटांत संपते. तासाला १२ कांड्या झाल्या. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराच्या १० तासांच्या पाळीत हा आकडा २४० होतो. माग बंद पडण्याचा वेळ वजा केला तरी दीडदोनशे वेळा धोटा तोंडाला लागणारच. प्रत्येक वेळी सुतावरची खळ, धूळ आणि तंतू श्वासाबरोबर आत जाणार. शिवाय तोच धोटा सकाळी एकाच्या आणि दुपारी बदली कामगाराच्या ओठांना लागणार. क्षयाच्या त्या काळात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

पण याला इलाज नव्हता का? होता. वाकवलेल्या तारेच्या बारीक आकडीने सूत बाहेर काढता येते. तोंडाने ओढण्यापेक्षा त्याला थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच. याहून चांगला उपाय अमेरिकेत सापडला. जेम्स नॉर्थ्रॉप हा मूळचा इंग्लंडचा कारागीर. मॅसॅच्युसेट्समधील ड्रेपर कंपनीसाठी त्याने तयार केलेला स्वयंचलित माग १८९४ पासून विकला जाऊ लागला. त्यात संपलेली कांडी माग चालू असतानाच आपोआप बाहेर पडे आणि तिच्या जागी भरलेली कांडी बसे. तेथे माणसाचे तोंड पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून धोट्याने स्वतःच सूत ओवून घेणे भाग होते. नॉर्थ्रॉपच्या धोट्यात डोळ्यापर्यंत जाणारी एक वळणदार फट होती. धोट्याच्या पहिल्या एकदोन फेऱ्यांत सूत त्या फटीतून आपोआप आत सरके आणि वळणामुळे पुन्हा बाहेर पडत नसे. डोळा ओवण्यापुरता उघडा आणि ताणापुरता बंद, अशा दोन्ही अटी या फटीने सांभाळल्या.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र ही प्रथा कायद्याने थांबायला १९५२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात उपाय ठाऊक होता, पण जुने धोटे टाकून नवे घेण्याचा खर्च कोणाला नको होता.

मुंबईच्या गिरण्यांतील बहुतेक माग लँकेशायरहूनच आले. त्यांच्याबरोबर धोटा आला आणि तो ओवण्याची रीतही आली. मात्र येथे तिला एक वेगळाच अर्थ चिकटला. गिरणीतील विणाईचा विभाग म्हणजे साळखाते. कताईच्या खात्यांपेक्षा तेथे पगार चांगला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना कताईच्या खात्यांत काम मिळे, साळखात्याची दारे मात्र त्यांना बंद होती. त्याचे कारण असे सांगितले जाई : सूत तोंडाने ओढावे लागते, अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा?

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, या मालकांच्या आग्रहाचा प्रश्न त्यात महत्त्वाचा होता. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांसमोर हा दुसरा प्रश्न ठेवला. सर्व कामगारांची एकजूट म्हणता, मग याच कामगारांतील काहींना साळखात्यात मज्जाव का? कामगारांच्या हक्कांची चर्चा अशा रीतीने धोट्याच्या डोळ्याशी येऊन थांबली.

हा मज्जाव यंत्राच्या गरजेतून आला होता, असे म्हणता येईल का? आम्हाला तसे वाटत नाही. १९२८ साली नॉर्थ्रॉपचा धोटा बाजारात येऊन ३४ वर्षे झाली होती, मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याला १७ वर्षे झाली होती आणि तारेची आकडी तर कोणीही बनवू शकत होते. मुंबईत स्वयंचलित माग फार थोडे होते हे खरे, पण साध्या मागालाही हाताने ओवायचा धोटा चालला असता. तो मिळाला असता तर सगळ्याच विणकरांची छाती वाचली असती. मालकांनी तो आणला नाही. आणि साळखात्यातील कामगारांना आपल्या आरोग्याला धोका असलेली रीत सोडण्यापेक्षा ती दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरणे सोयीचे वाटले.

‘त्यांना हे काम जमणार नाही’ असेही कोणी म्हणू शकत नव्हते. विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजातील अनेक घरांचा पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय होता. ज्यांच्या घरात माग होता, त्यांच्याच जातभाईंना मुंबईत मागापासून दूर ठेवले जात होते. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ सालच्या कायद्याने तिच्या आचरणाला शिक्षा ठरवली. धोटा सुधारून जे आपोआप होणार नव्हते त्यासाठी कायदा लागला, आणि कायद्यामागे चळवळही लागली.

१९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे धोट्याचे यंत्रमाग आजही चालतात, मात्र त्यांच्या शेजारी बिनधोट्याचे माग वाढत आहेत. त्यांपैकी एका प्रकारात बाण्याचे सूत हवेच्या झोताने पलीकडे फेकले जाते. सूत हवेने ओढण्याची कल्पना जुनीच, पण ती हवा आता पंपातून येते.

शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल. जुन्या पेनची सहासात सेंटिमीटरची नळी आणि दोरा मुलांना द्या. नळीला तोंड न लावता दोरा पलीकडे काढण्याचे जितके मार्ग सुचतील तितके शोधायला सांगा. कोणी तार वाकवेल, कोणी दोऱ्याला मेण लावून ताठ करील, कोणी नळीला उभी चीर पाडील. चीर पाडणाऱ्याला विचारा, की आता दोरा ओढल्यावर तो चिरेतून बाहेर का येतो आणि तो येऊ नये म्हणून काय करशील? नॉर्थ्रॉपसमोर हाच प्रश्न होता. मुलांची उत्तरे आली की साळखात्याची गोष्ट सांगा. मग त्यांनाच विचारा : ‘हे काम असेच करावे लागते, म्हणून अमक्यांना ते करता येणार नाही’ असे आपल्या गावात कोणत्या कामाबद्दल म्हणतात? आणि ते काम खरोखर तसेच करावे लागते का, हे कोणी करून पाहिले आहे का?