उत्तर दिल्याबद्दल दंड

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक होते 'समाजस्वास्थ्य', संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आक्षेप कशावर होता? वाचकांच्या पत्रांना छापलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुनासारख्या विषयांवर लोकांनी शंका विचारल्या होत्या आणि कर्व्यांनी त्यांचे सरळ शब्दांत निरसन केले होते.

कर्वे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले; याच प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले मासिक त्यांनी १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत चालवले.

त्या उत्तरांचे मोल कळण्यासाठी त्यामागची भीती समजून घ्यायला हवी. रस, रक्त, मांस अशा पायऱ्यांनी शेवटी शुक्रधातू तयार होतो, ही जुनी कल्पना. तिच्यातूनच 'चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य' हे गणित लोकांत रुजले. मग स्वप्नावस्था झालेला चौदा वर्षांचा मुलगा आपण खंगत चाललो असे मानणारच! प्रत्यक्षात वृषणांत दररोज कोट्यवधी शुक्रपेशी तयार होतात. एक शुक्रपेशी पक्व व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि वापरल्या न गेलेल्या पेशी शरीरच शोषून घेते. वीर्यात या पेशींचा वाटा अगदी थोडा. बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांतून येतो. साठवून ठेवायचे असे त्यात काही नसते. तरीही ही भीती इतकी खोल, की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये तिच्यातून होणाऱ्या त्रासाला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले.

लैंगिक विषयावरचे सगळेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर का देऊ नये, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. माझ्या मते युक्तिवाद अचूक होता. हरला तो काळापुढे.

शाळेची गोष्ट मात्र अधिक अवघड आहे. कर्व्यांना पत्र लिहिणारा स्वतःहून लिहीत असे. वर्गातला मुलगा चाळीस जणांसमोर हात वर करत नाही. एड्सच्या पार्श्वभूमीवर २००५ च्या सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्याच्या साहित्यातील चित्रांवरून गदारोळ झाला होता. काही चित्रे वयाला साजेशी नव्हती, हा आक्षेप तपासण्यासारखा होता. पण चित्रांबरोबर प्रश्नही बाजूला पडले. प्रजननसंस्थेचा धडा पाठ्यपुस्तकात असतो, अनेकदा 'घरी वाचा' म्हणून सोडला जातो. पाळीवरचे व्याख्यान असले की मुलगे मैदानावर! निम्म्या वर्गाला हा विषय लपवण्याचा आहे एवढेच त्यातून कळते.

त्या कार्यक्रमात एक साधी युक्ती होती: प्रश्नपेटी. मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, शिक्षकांनी त्या आधी वाचून, तयारी करून पुढच्या तासाला उत्तरे द्यायची. तिला चित्रे लागत नाहीत. लागते ती एक रिकामी खोकी आणि चिठ्ठी वाचून न हसणारा शिक्षक.