पोलिसांच्या आत्महत्या : एका मोजदादीचा इतिहास

चोरदरोडेखोरांशीं झुंजतांना जो पोलिस पडतो, त्याची वार्ता वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. त्याला मानवंदना मिळते आणि त्याच्या कुटुंबाच्या योगक्षेमाची चिंता सरकार वाहतें. परंतु तीच नोकरी करतां करतां जो आंतून खचला व ज्यानें स्वतः होऊन जीवनयात्रा संपविली, त्याच्याविषयीं सहकारी बोलत नाहींत, वरिष्ठ लिहीत नाहींत आणि घरच्या माणसांना तोंड लपवावें लागतें. या दुसऱ्या मृत्यूची मोजदाद पाश्चात्त्य देशांत कशी सुरू झाली, ती इतका काळ कां रखडली आणि तिच्यापासून काय निष्पन्न झालें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम याचा आत्महत्येवरील ग्रंथ १८९७ सालीं प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांचे आंकडे ताडून पाहून त्यानें असें दाखविलें कीं, सैनिकांमध्यें आत्महत्येचें प्रमाण नागरिकांपेक्षां अधिक आहे. बराकींतील हालअपेष्टांनीं याचा उलगडा होत नाहीं. स्वतःचा जीव तुच्छ लेखावयास शिकविणारी जी लष्करी शिस्त, तिच्यांतच याचें मूळ आहे, असें त्याचें म्हणणें होतें. हा सिद्धान्त पुढें वादग्रस्त ठरला. तथापि आत्महत्येचा विचार करतांना माणसाच्या स्वभावाबरोबर त्याच्या पेशाचीही चौकशी केली पाहिजे, हा धडा त्यानें घालून दिला.

पोलिसांच्या बाबतींत हा धडा गिरविला जाण्यास बराच काळ जावा लागला. १९३४ सालीं ला गार्डिया हे न्यूयॉर्कचे महापौर झाले व शहराच्या कारभारांतील जुन्या राजकीय वशिल्याची घडी विसकटूं लागली. पोलिस दलांतही सुधारणेचा बडगा फिरला. त्या वर्षापासून १९४० पर्यंत तेथील ९३ पोलिसांनीं केलेल्या आत्महत्यांचा अभ्यास पॉल फ्रीडमन या मनोविश्लेषकानें केला. पण हा अभ्यास ग्रंथरूपानें वाचकांपुढें आला तो १९६७ सालीं! मृतांची गणना झाली होती. परंतु जिवंतांना तिचा उपयोग होण्यापूर्वीं एक संपूर्ण पिढी नोकरींतून निवृत्त झाली होती.

हें मौन केवळ दुष्टपणाचें नव्हतें. मृताची अब्रू राहावी आणि त्याच्या विधवेची अडचण होऊं नये, म्हणून सहकारी अशा मृत्यूवर अपघाताचें पांघरूण घालीत. त्यांत दया होती. परंतु त्या दयेनें दुखणें झांकलें गेलें. शिवाय जो जिवंत होता त्याचीही कोंडी होती. मन थाऱ्यावर नाहीं असें त्यानें कबूल केलें, तर कमरेचें हत्यार काढून घेतलें जाईल, कचेरींतील कारकुनी माथीं येईल आणि सोबती त्याला भित्रा ठरवतील, ही भीति त्याला गप्प बसवी. लॉस एंजेलिसच्या पोलिस खात्यानें १९६८ सालीं मार्टिन रायझर या मानसशास्त्रज्ञास पूर्ण वेळ नेमलें, तें एक मोठेंच पाऊल होतें. परंतु खात्याच्या पगारी तज्ज्ञापाशीं बोललेलें साहेबांच्या कानावर जाणार नाहीं ना, ही शंका शिपायाच्या मनांतून सहजासहजीं जात नाहीं. न्यूयॉर्कमध्यें १९९४ व १९९५ या दोन वर्षांत २६ पोलिसांनीं आत्महत्या केल्या, तेव्हां १९९६ सालीं खात्याबाहेर एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक पोलिसच. आणि बोललेलें बाहेर फुटणार नाहीं, हीच तिची मुख्य हमी.

खरा आशेचा किरण दिसला तो कॅनडांतील मॉंट्रियल शहरीं. तेथील पोलिस दलानें १९९७ पासून एक योजना अमलांत आणली. तिचीं अंगें चार : प्रत्येक पोलिसाला अर्ध्या दिवसाचें शिक्षण, पोलिसांकरितां पोलिसांनींच चालविलेली टेलिफोनवरील मदत, धोक्याचीं लक्षणें ओळखून मदत करण्याचें वरिष्ठांस व संघटनेच्या प्रतिनिधींस विशेष शिक्षण, आणि दलभर जाहीर प्रचार. केवळ आजाऱ्यालाच औषध द्यावयाचें, असा हा प्रकार नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला पाहावयास व विचारावयास शिकविणें, हा त्यांतील मुख्य भाग होता. मिशारा व मार्टिन या संशोधकांनीं पहिल्या बारा वर्षांचा हिशेब २०१२ सालीं प्रसिद्ध केला. पूर्वीं दर लाखीं सुमारें ३० असलेलें वार्षिक प्रमाण ६.४ वर उतरलें होतें, म्हणजे ७९ टक्क्यांनीं घटलें होतें. क्युबेक प्रांतांतील इतर पोलिसांत तें २९ च्या आसपासच राहिलें होतें. चार हजारांच्या दलांत असे मृत्यू थोडेच, म्हणून या आंकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. तरीही आत्महत्या ही अटळ दैवगति आहे, या समजुतीस यानें जबरदस्त धक्का दिला.

मात्र मॉंट्रियलला हा निष्कर्ष काढतां आला, तो आपले मृत त्यानें प्रामाणिकपणें मोजले म्हणूनच. अमेरिकेंत अठरा हजारांवर निरनिराळीं पोलिस खातीं. त्या सर्वांची एकत्र सरकारी नोंद करण्याचा कायदा २० व्या शतकांत झालाच नाहीं. तो १६ जून २०२० रोजीं झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशननें आत्महत्यांची व तशा प्रयत्नांची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. ती पाठविण्याचें बंधन मात्र कायद्यानें खात्यांवर घातलें नाहीं, म्हणून हें खातेंपुस्तक अपुरें आहे. ६ जानेवारी २०२१ च्या दंग्यांत वॉशिंग्टनचें संसदभवन राखणाऱ्यांपैकीं चार पोलिसांनीं पुढील सात महिन्यांत आत्महत्या केली. त्यानंतर २०२२ च्या ऑगस्टांत झालेल्या कायद्यानें, कर्तव्यावरील आघातामुळें झालेली आत्महत्या ठराविक परिस्थितींत कर्तव्यावरील मृत्यु मानावी व कुटुंबास तसा लाभ द्यावा, असें ठरविलें.

श्रोतेहो, ज्या विधवेला पूर्वीं अपघाताच्या खोट्या दाखल्याचा आसरा घ्यावा लागे, तिला खरें सांगूनही मान मिळावा, ही या कायद्यांतील खरी प्रगति होय. खरें बोलण्याची शिक्षा संपली कीं मोजदाद खरी होते. आणि मोजदाद खरी झाली कीं कोणता उपाय लागू पडतो हें कळूं लागतें. जें मॉंट्रियलच्या ठाण्यांत घडलें, त्याला कोणतीही दुर्मिळ विद्या लागली नाहीं. आपल्या सोबत्याचा चेहरा उतरलेला दिसतांच त्याच्याजवळ बसून सरळ विचारावें, त्याला एकटें सोडूं नये आणि मदतीपर्यंत पोंचवावें, एवढें शिकावयाचें होतें. तें सर्वांनाच शिकतां येतें.