शिरोरेखेखालची वचने

धायरी फाट्यावरून गावाकडे वळले की अक्षरांची गर्दी लागते. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसांचे फ्लेक्स, शाळांच्या कुंपणभिंतींवर तैलरंगात रंगवलेले सुविचार, टेम्पोंच्या पाठीवरची देवांची नावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महापालिकेत आली, त्यांतले हे एक. धारेश्वराच्या देवळाभोवतीचे शेतीवाडीचे गाव आता इमारतींनी आणि लघुउद्योगांच्या शेडनी वेढले आहे. शहरातल्या कला महाविद्यालयांत शिकणारी मुले इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. उपयोजित कलेच्या अशा विद्यार्थ्याला कधी ना कधी एक ठरलेला स्वाध्याय मिळतो: एखादे वचन निवडा आणि चित्राचा आधार न घेता नुसत्या अक्षरांतून मांडा.

बहुतेक जण सुरुवात संगणकावर करतात. वाक्य टाइप करायचे, दहा-बारा फाँट लावून पाहायचे, एखादा शब्द मोठा करायचा, एखादा लाल. हाती काहीतरी लागते, पण ते कोणत्याही वाक्याला चालले असते. मग शिक्षक कागदाकडे परत पाठवतात. कट निब, बांबूचा बोरू, चपटा ब्रश घेऊन तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला सांगतात. विद्यार्थ्याला हा जुन्या पिढीचा हट्ट वाटतो. मात्र मराठी वचन कागदावर कसे बसवावे, या प्रश्नावर इथे निदान साडेतीनशे वर्षे विचार झालेला आहे आणि त्यातला बराच आजही उपयोगी पडतो.

समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात टाक, शाई आणि कागदाच्या कडेची मोकळी जागा यांवर एक अख्खे प्रकरण असावे, ही विलक्षण गोष्ट आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे. ओळी सरळ चालाव्यात. काना, मात्रा, वेलांट्या आपापल्या जागी स्पष्ट दिसाव्यात, असे ते सांगतात. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटले पाहिजे, ही त्यांची अपेक्षा. त्यांनी चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायला सांगितले, त्याचे कारण फार व्यवहारी आहे: पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. आजच्या मांडणीत कोऱ्या जागेबद्दल जे शिकवतात, त्यात सौंदर्याचा भाग असतो. रामदासांच्या मोकळ्या जागेत टिकाऊपणाचाही हिशोब होता.

त्या काळी मराठी माणसाचे दोन हात होते म्हणायला हरकत नाही. दफ्तर, हिशोब, पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग टाक शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे सोडत जाई. वेग हे तिचे बळ. पोथी, स्तोत्र, संतवचन मात्र बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, एकेक अक्षर सुटे काढून लिहीत. बोरूचा काप रोमन लिपीच्या टाकाच्या उलट दिशेला असतो, म्हणून देवनागरीत जाड आणि बारीक रेघा कुठे येणार हे त्या कापानेच ठरते. वळणदार अक्षराची सवय लागावी म्हणून कित्ता गिरवावा लागे, आणि कित्त्यात बहुधा बोधवचनच असे. त्यामुळे हात आणि मन एकाच ओळीवर वळत.

छपाई आली तेव्हा सुरुवातीचा एक प्रयत्न पुण्यातच झाला, हे फारसे कुणाला आठवत नाही. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी असतानाच्या काळात नाना फडणविसांनी भगवद्गीता छापून घेण्याचे मनात घेतले. एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला घेतली. राजकारणाची घडी विस्कटली आणि पुण्यात ते काम पुरे झाले नाही. कारागीर मिरजेला गेला. तिथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून निघाली. हे काम काय असेल याची कल्पना करून पाहावी. प्रत्येक अक्षर उलटे कोरायचे, शिरोरेखा उजवीकडून डावीकडे न्यायची, वेलांटी आरशात दिसते तशी काढायची आणि एक श्लोक चुकला की पत्रा वाया. हा तांबट छापखान्याचा नोकर नव्हता, भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्यांच्या परंपरेतला होता. पुण्यातल्या अक्षरकलेच्या इतिहासात त्याचे स्थान पहिले मानायला हवे.

त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पाच वर्षांनी त्याच्या मराठी कोशासाठी तिथे मोडीचे खिळेही पाडले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उतरते, म्हणून सुरुवातीची छापील पुस्तके पोथीसारखी दिसत आणि वाचकाला परकी वाटत नसत. पुढे गणपत कृष्णाजींनी स्वतःचे खिळेही घडवले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरच्या अक्षराने पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना देवनागरीचे वळण लावले.

खिळ्यांनी मराठी वचनाला शिस्त लावली, आणि त्याची किंमतही घेतली. रोमन लिपीचा मजकूर शंभरेक खिळ्यांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार सगळे धरून काहीशे लागतात. जुळाऱ्याच्या समोरची केस भिंतभर पसरलेली असे. अक्षर आणि मात्रा एकत्र ओतलेले ‘अखंड’ टाइप आणि मात्रा वेगळ्या बसवायचे ‘डिग्री’ टाइप, अशा दोन पद्धती होत्या. दोन्हींत ओळीच्या वर मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा राखून ठेवावी लागे. त्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या जवळ आणता येत नसत. शब्द वाकवणे, अक्षरात अक्षर गुंतवणे हे तर दूरच. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या १९० वर आणणारा संच आखला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवून इ, ई, उ, ऊ यांचे स्वतंत्र आकार गाळायचा मार्ग दाखवला. या सुधारणांचा हेतू वेग आणि खर्च हा होता. अक्षर गमतीने खेळवावे, ही चैन छापखान्याला परवडत नव्हती.

ती चैन आली नाटकाच्या जाहिरातींतून. कमल शेडगे (१९३५-२०२०) टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात होते आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून नाटकांची शीर्षके रेखाटू लागले. ‘गारंबीचा बापू’, ‘गुंतता हृदय हे’, ‘लेकुरे उदंड जाली’ अशी कितीतरी नावे त्यांच्या हातून गेली. वर्तमानपत्राच्या स्तंभात दोन इंचांची जागा, एकच रंग, तोही काळा. एवढ्यात नाटकाचा बाज वाचकाला कळला पाहिजे. शेडग्यांनी खिळ्याची चौकट सोडली. शिरोरेखा तोडली, वाकवली, कधी सरळ काढून टाकली, काना लांबवला, एका अक्षराची मात्रा दुसऱ्याच्या अंगावर नेली. तरीही नाव कधी अडखळत वाचावे लागले नाही. मराठी घरांत रविवारचे वर्तमानपत्र उघडून नुसती ही शीर्षके पाहणारी माणसे होती. महाराष्ट्राला अक्षर पाहण्याची सवय लावण्यात त्यांचा वाटा कुणाही चित्रकाराइतका मोठा आहे.

दुसऱ्या टोकाला र. कृ. जोशी (१९३६-२००८). ते कवी, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, सुलेखनकार आणि पुढे पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक. कवितेची ओळ केवळ वाचायची नसते, ती पानावर घडते, ही धारणा त्यांच्या कामात सगळीकडे दिसते. विंडोज २००० पासून संगणकांवर दिसणारा ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. ज्या हाताने अक्षर मुक्त केले त्याच हाताने ते पडद्यावरच्या ठिपक्यांतही बसवले. सुलेखनकार अच्युत पालव मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मोडीच्या अभ्यासाकडे वळले. मोडीची गती आणि देवनागरीची सुवाच्यता यांतून त्यांनी ‘मुक्तलिपी’ घडवली आणि संतवाणी मोठ्या कागदांवर, कापडांवर, भिंतींवर आणली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुलेखनासाठी असा सन्मान व्हावा, ही धायरीच्या खोलीत ब्रश धुणाऱ्या मुलासाठी साधी गोष्ट नाही.

बाहेरच्या जगातही विसावे शतक वचनांच्या चित्रांचे होते. अमेरिकेत कंटेनर कॉर्पोरेशन या खोकी बनवणाऱ्या कंपनीने १९५० पासून पाश्चात्त्य विचारवंतांची वचने नामवंत चित्रकारांकडून चितारून घेत जाहिराती काढल्या. लॉस एंजेलिसमध्ये सिस्टर कोरिटा केंट ही नन १९६०च्या दशकात वाणसामानाच्या पुड्यांवरची अक्षरे आणि बायबलमधली वाक्ये एकत्र करून छापत होती. मराठीतला फरक असा की इथे हे काम कंपनी किंवा कलादालनाच्या आधी शाळेने घरोघरी नेले. रोज बदलणारा सुविचाराचा फळा, रंगीत खडूने सजवलेली शनिवारची चौकट आणि शासकीय रेखाकला परीक्षांतला अक्षरलेखनाचा भाग. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटला बसलेल्या कुठल्याही मुलाला शिरोरेखा किती जाड, कान्याची उंची किती, अंतर किती, हे पट्टीने आखून काढावे लागले आहे.

संगणकाच्या काळात पुणे पुन्हा मध्यभागी आले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र आणले; त्यांचे ‘योगेश’, ‘सुरेख’ हे फाँट लग्नपत्रिकांपासून क्रमिक पुस्तकांपर्यंत पोचले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गल्लोगल्लीच्या डीटीपी सेंटरात होती. पुण्याचे मुकुंद गोखले यांच्यासारखे अक्षररचनाकार त्या काळातल्या टाइपांवर काम करत होते. नंतर युनिकोड आले आणि ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बलू’ असे मोफत मिळणारे फाँट आले. फ्लेक्स आल्यावर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम आटले. हा तोटा मोठा आहे, कारण भिंतीवर खालून वर पाहताना अक्षर कसे दिसते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

तर तो विद्यार्थी कागदावर परत आल्यावर काय करतो? पहिल्यांदा तो वचनातले उंच आणि खोल उतरणारे भाग मोजतो. कुठे वेलांटी, कुठे रफार, कुठे उकार, कुठे ऋकार. ज्या ओळीत उकार जास्त त्या ओळीखाली मात्रांनी भरलेली ओळ आली तर दोघी एकमेकींत घुसतात. छापखान्याला ही अडचण होती. हाताने लिहिणाऱ्याला ती संधी आहे. वरच्या उकाराची शेपटी खालच्या मात्रेच्या पोकळीत सोडता येते. मग तो लघुरेखाटने करतो, ज्यांना वर्गात सगळे ‘थंबनेल’ म्हणतात. काडेपेटीएवढ्या चौकटीत नुसते काळे-पांढरे वजन. वीस-पंचवीस झाल्यावर दोन-तीन उरतात.

इथेच फाँटच्या खोडी उघड होतात. हिंदीसाठी आखलेल्या कित्येक फाँटांत ल दंडाचा आणि श शेंडीफोड्या असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण ठरवले. तरी मराठी भित्तिपत्रकांवर दुसरेच आकार सर्रास दिसतात. त्याहून वाईट घोळ अर्ध्या र चा. ‘दऱ्या’ लिहायला मराठीला आडवा, पापणीसारखा र लागतो. काही फाँटांत तो नसतो आणि डोंगराच्या दऱ्यांचा एका झटक्यात दर्या होतो, म्हणजे समुद्र. हाताने लिहिणाऱ्याला हे संकट नाही. म्हणून चांगले विद्यार्थी फाँट आधारापुरता ठेवतात, अक्षर स्वतः काढतात, स्कॅन करतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये एकेक वळण ट्रेस करत बसतात. त्यातही ब्रशचा खरखरीतपणा किती ठेवायचा आणि किती घासून गुळगुळीत करायचा, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो. तो वाद झालाच पाहिजे.

वचन अभंगातले असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेक जण चुकवतात. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात: तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. कागदाच्या रुंदीत बसते म्हणून ओळ भलत्या जागी तोडली की यमक डोळ्यांना दिसत नाही आणि कानालाही लागत नाही. चरणांवर तोडली तर तीन समान ओळी आणि एक आखूड ओळ अशी बैठक आपोआप तयार होते. आखूड ओळीपुढची मोकळी जागा रचनाकाराला फुकट मिळते. तिथे अक्षर मोठे करावे, की जागा तशीच सोडावी, हा निर्णय मात्र त्याचा.

शेवटचे काम चित्राचे नाही, पडताळणीचे आहे. व. पु. काळ्यांच्या, तुकोबांच्या, बाबासाहेबांच्या नावाने मोबाइलवर फिरणारी पुष्कळ वाक्ये त्यांच्या पुस्तकांत सापडत नाहीत. तुकोबांच्या अभंगांची विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादित केलेली प्रत मुंबई सरकारच्या मदतीने छापली गेली आणि १८७३ मध्ये पुरी झाली. म्हणून तिला सरकारी गाथा म्हणतात. देहूच्या परंपरेतली आणि इतर संपादकांची गाथाही उपलब्ध आहे. त्यांत एकाच अभंगाचे पाठ वेगळे असतात, कुठे एका शब्दाने, कुठे एका अनुस्वाराने. अनुस्वार गेला की शिरोरेखेवरचा एक ठिपका जातो, आणि महिनाभर जुळवलेल्या रचनेतला तोल पुन्हा मांडावा लागतो. जे विद्यार्थी आधी गाथा उघडतात आणि मग ब्रश, त्यांच्यावर ही वेळ येत नाही.