रुपयाला शेर, आण्याला छटाक

दूध रुपयाला शेर असेल तर छटाकभर दुधाला किती पैसे पडतील? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही गवळ्याला हे गणित करावंच लागत नसे. रुपयाचे आणे १६, शेराचे छटाकही १६. म्हणून रुपयाला शेर, तर आण्याला छटाक. पावशेराला चार आणे, अच्छेराला आठ. नाणी आणि मापं एकाच हिशेबाने चालत, आणि भाव वाकडातिकडा असला तर शाळेत घोकलेले पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मदतीला येत.

या हिशेबामागे रुपयाचं नाणंच होतं. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. रुपयाचं वजनही तेवढंच. असे ८० तोळे म्हणजे एक शेर आणि ४० शेर म्हणजे एक मण. आजच्या भाषेत शेर ९३३ ग्रॅमचा आणि मण सव्वासदतीस किलोंहून थोडा जास्त. पण प्रत्यक्षात शेर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून भारी. दोन्हींत शेर मात्र चाळीसच! धान्य मोजायला महाराष्ट्रात निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर ही उतरंड होती. तीत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, आणि चार शेरांची पायली.

दुपटीच्या या रचनेत गिऱ्हाइकाचा मोठा फायदा होता. पावशेराच्या मापाविषयी शंका आली, तर ते दोनदा भरून अच्छेरात ओतायचं. काठोकाठ आलं नाही, तर दोहोंपैकी एक खोटं. त्यासाठी सरकारी शिक्का लागत नसे, तराजूही लागत नसे.

दुधातेलाच्या बाबतीत खरी गुंतागुंत वेगळी होती. शेर हे मुळात वजन. भांड्याचं माप त्या वजनावरून बेतलेलं. पण सगळे द्रव सारख्या वजनाचे नसतात. शेरभर पाणी ९३३ मिलिलिटर भरतं. दूध पाण्याहून थोडं जड, म्हणून शेरभर दूध सुमारे ९०५ मिलिलिटर. तेल हलकं, त्यामुळे शेरभर तेल एक लिटरच्याही किंचित वर जातं. एकाच भांड्याने दूध आणि तेल दोन्ही मोजलं, तर दोहोंपैकी एका गिऱ्हाइकाच्या हिशेबात फरक पडणारच.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले आणि आण्यांची सोळा घरं मोडली. पाठोपाठ किलो आणि लिटर आले. १९६२ पर्यंत बाजारातून शेर कायद्याने हद्दपार झाला. त्या काळात रूपांतराची कोष्टकं वाटली गेली, कारण प्रश्न रोजच्या पैशांचा होता. रुपयाला शेर मिळणारं दूध लिटरला साधारण एक रुपया दहा पैसे पडायला हवं. सव्वा रुपया घेतला तर ती छुपी भाववाढ.

नव्या मापांची चढण १, २, ५ अशी. लिटर, ५०० मिलिलिटर, २००, १००, ५०. पाव लिटर दूध द्यायचं तर २०० आणि ५० ची मापं एकापाठोपाठ ओतायची. घराघरांत मात्र ‘अर्धा’ आणि ‘पाव’ टिकून राहिले. मुंबईच्या आरे डेअरीच्या काचेच्या दुधाच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या होत्या, पुढे पिशव्याही अर्ध्या लिटरच्याच आल्या. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. तो शब्द दूधवाल्याकडून सुटला, पण देशी दारूच्या दुकानात अजून ऐकू येतो.

वजन की आकारमान, हा जुना पेच अजून मिटलेला नाही. किराणा दुकानातली तेलाची पिशवी पाहावी. तिच्यावर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे तेच एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास. काही उत्पादक पिशवीवर चढं तापमान छापून कमी तेलाला ‘एक लिटर’ म्हणत. म्हणून २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेलाच्या वेष्टनावर तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ परिमाण छापण्याचे आणि सोबत वजनही खरं देण्याचे निर्देश दिले. आज पिशवी घेताना ग्रॅमचा आकडा वाचणाऱ्याला तेल नेमकं किती मिळालं ते कळतं. लिटरचा आकडा एकटा ते सांगत नाही.